रविवारची खिडकी

संपादकांनी माझ्याकडे टायपिंगच्या दिवसांवर लेख मागितला होता. डहाणूत स्टेशनजवळ मी वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला, तालुक्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं माझ्या नजरेखालून गेली, तेव्हा त्यांचं मागणं बरोबरच होतं. पण मशिनवरच्या परीक्षा बंद झाल्या, क्लास बंद झाला, सोळा मशिनं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढली, आणि त्यानंतर मी जे काम केलं ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. बोर्डीला सख्खा भाऊ आहे, त्यालाही नाही. तेच लिहिते. छापायचं की नाही ते संपादकांनी ठरवावं.

मी अडीच वर्षं लोकांकडे बघण्याची नोकरी केली.

सोळा सालच्या शेवटी मोबाइलवरचं इंटरनेट जवळजवळ फुकट मिळायला लागलं आणि ज्याच्या हातात बरा फोन तो स्वतःच एक चॅनल झाला. फोन समोर टेकवून उभा करायचा, एक बटण दाबायचं, की तुम्ही जे कराल ते त्याच क्षणी कुणालाही दिसतं. याला लाइव्ह जाणं म्हणतात. बघणारे खालून दोन शब्द लिहितात, बदाम पाठवतात. आता अशा ठिकाणी कोण काय दाखवील याचा नेम नाही, म्हणून कंपन्या लक्ष ठेवायला माणसं बसवतात. त्यांना मॉडरेटर म्हणतात. आमच्या कंपनीला मराठी, गुजराती, हिंदी येणारं, इकडची वारली बोली कानावर असलेलं आणि झरझर टाइप करणारं माणूस हवं होतं. क्लासच्या एका जुन्या विद्यार्थ्याने माझं नाव दिलं. लॅपटॉप कुरियरने आला. सरावलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर, पन्नाशी उलटलेली मी सकाळी सात ते दुपारी तीन बसायला लागले.

ॲपचं नाव कुठे घ्यायचं नाही असं करारात कलम होतं. नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही, म्हणून 'आमचं ॲप' एवढंच म्हणते. त्याच्याशी जिवावर उठून स्पर्धा करणारं दुसरं होतं, ते 'पलीकडचं ॲप'.

काम सांगायला सोपं आहे. पडद्यावर एका वेळी नऊ खिडक्या. नऊ घरं, नऊ माणसं, सगळी हलती. आवाज मात्र एका वेळी एकाच खिडकीचा, जिच्यावर बाण नेऊ तिचा. तीन बटणं: सोडा, ताकीद, बंद. निर्णयाला वीस सेकंद. 'बंद' दाबलं की कारणांची यादी उघडायची आणि त्यातलं निदान एक निवडायचं. मी निवडलं की त्या जागी लगेच दहावी खिडकी यायची. आठ तासांत किती घरांत डोकावले याचा हिशेब मी कधी ठेवला नाही, आणि जे ओंगळ पाहिलं त्याबद्दल इथे लिहिणार नाही. दिवाळीचा अंक आहे. एवढंच सांगते की पहिले दोन महिने मी दुपारी तीनला आधी आंघोळ करायचे आणि मग जेवायचे.

शेजारच्यांना मी 'ऑनलाइन भाषांतराचं काम आहे' असं सांगून ठेवलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं, कारण सुरुवातीला कंपनीच्या नोटिशांचं मराठी मीच करून दिलं होतं. पण खरं काय ते सांगायला माणूस नव्हतं. वहिनी एकदा म्हणाली, "ताई, तुमचं बरं आहे, घरात बसून काम, ना कुणाची कटकट ना कुणाचं तोंड बघायचं." मी हसले. रोज शेकडो तोंडं बघत होते. दुपारी भाजीवालीशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा यायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात किती जण बघताहेत तो आकडा असतो. त्यात मॉडरेटर धरत नाहीत. म्हणजे एखाद्याच्या खिडकीत मी एकटीच बसलेली असले तरी त्याला दिसायचं शून्य.

वऱ्हाडातले एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी आठला यायचे. इस्त्रीचा सदरा, मागे कॅलेंडर. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण आपल्याला कंपनीचा माणूस बघतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आकडा शून्य असला की खूश होऊन म्हणायचे, "चला, आज आपण दोघंच. साहेब, चहा झाला का?" मग पेपर वाचून दाखवायचे, सुनेबद्दल सौम्य तक्रार करायचे, आणि 'साहेब, रजा घेतो' म्हणून हात जोडायचे. मी इकडून हात जोडायचे. खरंच जोडायचे, वेडेपणा म्हणा. साहेब नव्हे हो, बाई आहे, एवढं त्यांना कळवावं असं फार वाटायचं, पण बघणाऱ्याने बोलायचं नाही हा पहिला नियम. सहा-सात महिन्यांनी एक दिवस ते म्हणाले, "साहेब, राग मानू नका. नातवाने पलीकडच्या ॲपवर बसवून दिलंय. तिथे तीन माणसं बघतात." त्या दिवशी मला आपलं माणूस तोडून गेल्यासारखं वाटलं. तीन माणसं! मी काय थोडी होते?

दोन ॲपांच्या भांडणात आमचे नियम पावसाळी हवेसारखे बदलत. पलीकडच्यांनी आमचे लोकप्रिय गाणारे-नाचणारे पळवायला सुरुवात केली की वरून निरोप यायचा, जरा सैल सोडा, माणसं दुखावू नका. मग कुठल्यातरी पेपरात 'या ॲपांवर काय चालतं पाहा' अशी बातमी यायची, बंदीची चर्चा व्हायची, की लगेच आवळा. पलीकडच्यांनी 'आम्ही इतकी वाईट खाती बंद केली' अशी जाहिरात केली की आमच्याकडे त्याहून मोठा आकडा हवा. कोण जास्त स्वच्छ याची चढाओढ. जो सकाळी चालतो तो माणूस दुपारी चालत नाही, आणि त्याला कारण विचारायला दार नाही.

मला निरोप देणारा मुलगा निशांत. मुंबईच्या ऑफिसात बसायचा, वय सव्वीस-सत्तावीस, मला 'मॅम' म्हणायचा. वाईट नव्हता. त्याच्यावरही कुणीतरी वीस सेकंदांचं घड्याळ लावलेलं होतं.

एकदा धाकट्या डहाणूची एक मावशी खाडीच्या कडेला मासे साफ करताना लाइव्ह गेली. कासोटा मारलेलं लुगडं, गुडघे उघडे, हातात कोयता. दुसऱ्या शहरातल्या कुण्या मॉडरेटरने तिला दोन कारणांनी बंद केलं. एक 'अंगप्रदर्शन' आणि दुसरं 'रक्त व शस्त्र'. मी वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी निशांतला दोन पानी मेल लिहिली: हा आमच्याकडचा रोजचा वेष आहे, ही बाई आजीच्या वयाची आहे, ते रक्त घोळ माशाचं आहे. मावशीचं खातं परत उघडलं. मला वाटलं, आपण इथे बसलोय ते सार्थकी लागलं. पण महिन्याभराने माझ्या कामाच्या अहवालात एक ओळ आली की मी माझ्या भागातल्या लोकांना झुकतं माप देते.

ती ओळ मला लागली. वीस वर्षांत परीक्षेला मी ओळखीच्या पोराची एक चूक झाकली नव्हती, आणि कालचा मुलगा मला पक्षपाती म्हणतो. त्यानंतर मी मुद्दाम दाखवून द्यायला लागले की मला सगळे सारखे. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे आहे.

रविवारी कुणी कामाला तयार नसायचं, मी घ्यायचे. मला रविवार म्हणजे काय नि सोमवार म्हणजे काय. पण अठरा सालच्या दिवाळीनंतर मी रविवारची वाट बघायला लागले. सकाळी नऊच्या सुमारास तलासरी तालुक्यातल्या, उधव्याच्या बाजूच्या एका पाड्यातली खिडकी उघडायची. कुडाची भिंत, अंगणात लाल प्लास्टिकची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर एकेक करून येऊन बसणाऱ्या बायका.

तिकडची पुष्कळ माणसं गुजरातच्या बंदरांवर बोटींवर खलाशी म्हणून जातात. पावसाळा संपता संपता जातात ते उन्हाळ्याअखेर येतात. पाच-सहा दिवस समुद्रात, मग बर्फ आणि डिझेल भरायला दोन दिवस बंदरात. या पाड्याचे आठ-दहा जण वेगवेगळ्या बोटींवर होते, आणि त्यांच्यात धड फोन एकच, रमण नावाच्या खलाशाकडे. इकडे पाड्यातही धड फोन एकच, त्याच्या बायकोकडे, सविताकडे. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिने युक्ती काढली होती. फोन केला तर एका माणसाशी बोलणं होतं, लाइव्ह गेलं तर तिकडे एका फोनभोवती सगळे बसतात आणि सगळ्यांना आपापलं घर दिसतं. बोटी बंदराला लागल्या की रविवारी खिडकी उघडायची. बायका बोलायच्या, तिकडून रमण लिहायचा, आणि ते सविता मोठ्याने वाचून दाखवायची. बायकांना माणसं दिसत नसत. माणसांना बायका दिसत.

कमळीआजी सगळ्यात शेवटी यायची. सत्तरीची असेल. खुर्ची आधी पदराने पुसायची, मग टोकावर बसायची, आणि समुद्र लांब आहे म्हणून की काय, ओरडून बोलायची. "लहानू! जेवलास का रं? कोंबडी बसवलीय. माना बरा हाय, गुडघा दुखतं तेवढाच. बोटीच्या कडंला निजू नको!" 'माना' म्हणजे तिच्या बोलीत 'मला'. लहानू तिचा एकुलता एक मुलगा. तो लिहायला सांगायचा, 'नाय निजत'. सविता वाचायची, "आजी, नाय निजत म्हणतो." आजीचा विश्वास बसायचा नाही. "खोटा बोलतं," म्हणायची, आणि सगळं अंगण हसायचं. इकडे मी हसायचे. कुणाच्या अंगणात बसून असं मोकळं हसल्याला मला किती वर्षं झाली होती ते आठवत नव्हतं. रविवारचा चहा मी नऊनंतर करायला लागले.

मग थंडीत, पौषातच म्हणा, आमच्याकडे साफसफाईचा आठवडा आला. कुठल्यातरी ॲपवर लहान मुलांच्या बाबतीत काही वाईट घडल्याची बातमी होती, पलीकडच्यांनी खाती बंद केल्याचा मोठा आकडा जाहीर केला होता, आणि आमच्या प्रत्येकाच्या पडद्यावर मुलांबाबत जराही शंका आली तर बंद करा अशी लाल पट्टी होती. त्या आठवड्यात निशांत आमचे पडदे अधूनमधून तिकडून बघत असे. बघताना कोपऱ्यात हिरवा ठिपका लागायचा.

रविवारी नऊला पाड्याची खिडकी उघडली, कोपऱ्यात हिरवा ठिपका होता. एक म्हातारा नुकताच ताडावरून उतरून अंगणात मडकं घेऊन आला होता. सविताची चार वर्षांची पोर खुर्चीजवळ उभी होती. म्हाताऱ्याने मडक्यातून पेला भरून तिला दिला आणि ती दोन्ही हातांनी धरून प्यायली. ती निरा होती. थंडीत सकाळी झाडावरून उतरवलेला ताडाचा रस, गोड, ताजा, पोराबाळांना देतात तो. ऊन चढलं की त्याची ताडी होते, नऊ वाजता नाही. हे डहाणू-तलासरीत शाळेतलं पोर सांगेल. मला ठाऊक होतं. त्या साऱ्या कंपनीत हे ठाऊक असलेली बहुधा मी एकटीच होते.

खाली कुणा परक्याने लिहिलं, बच्चे को दारू पिला रहे हैं. तक्रारीची घंटा वाजली. वीस सेकंद सुरू झाले.

मला 'सोडा' दाबता आलं असतं. पण तक्रार आलेली खिडकी सोडायची तर 'इतर' हे कारण निवडून किमान तीस शब्दांत, इंग्रजीत, खुलासा टाइप करावा लागे; त्याला वीस सेकंदांचं बंधन नव्हतं. तीस शब्द. मिनिटाला साठ शब्दांचं माझं प्रमाणपत्र अजून भिंतीवर आहे. पण हिरवा ठिपका होता, अहवालातली ती ओळ मनात होती, आणि पुन्हा आपल्याच भागाची वकिली करताना निशांतने बघावं हे मला नको होतं. दहा मिनिटांनी त्या पुन्हा सुरू करतील, असं मनाला सांगितलं. मी 'बंद' दाबलं. कारणांच्या यादीत सगळ्यात वर होतं, 'मुलांना धोका'. ते निवडलं.

त्या कारणाने नुसतं खातं बंद होत नाही, फोनच बंद होतो. म्हणजे त्या यंत्रावरून कुणीही, कुठल्याही नावाने, पुन्हा आमच्या ॲपवर येऊ शकत नाही. शहरात माणशी एक फोन असतो, तिथे हे चालतं. इथे एका फोनवर अख्खा पाडा बसतो हेही मला ठाऊक होतं. वीस सेकंदांत ते आठवलं नाही, एवढंच. खुर्ची तेव्हा रिकामी होती. कमळीआजीचा नंबर यायचा होता.

पुढच्या रविवारी खिडकी नव्हती. त्याच्या पुढच्याही नाही. मी नियम काढून वाचले. दाद मागायची तर खातेदाराने मागायची, इंग्रजीत, मेलने. मॉडरेटरने खातेदाराशी संपर्क साधला तर नोकरी जाते. मी निशांतला शेवटी ते तीस शब्द लिहून पाठवले. साठेक झाले असतील. त्याने उत्तर दिलं, "मॅम, नोटेड," आणि अंगठ्याचं चित्र. महिना गेला, काही झालं नाही. नऊ वाजता चहा करून मी टेबलाशी बसायचे आणि तो निवायचा.

होळीच्या आधी मी एक दिवस रजा घेतली आणि निघाले. तलासरीपर्यंत एसटी, पुढे जीप, मग पायी. पाडा शोधायला त्रास झाला नाही, खिडकीत मागे शाळेची पाटी दिसायची तिच्यावरचं नाव पाठ होतं. अंगण ओळखीचं, खुर्ची ओळखीची, कुडाच्या भिंतीवरचा पोपडा कुठे उडालाय तेही ओळखीचं. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. सविता बाहेर आली आणि दचकून म्हणाली, "मॅडम, ऑफिसातून आल्या का? रजिस्टर अंगणवाडीत हाय, आणते."

मी म्हटलं, "नाही गं. मी त्या ॲपच्या कंपनीत काम करते. तुमचं खातं चुकून बंद झालंय. उघडण्याचा अर्ज भरून द्यायला आले."

चुकून. कुणाच्या चुकीने ते सांगायला आले होते, पण पहिल्याच वाक्यात जीभ वळली नाही. म्हटलं, पाणी पिते आणि सांगते.

सविताने फोन आणून दाखवला. पडद्यावर अजून तीच नोटीस होती: 'या फोनवरून मुलांना धोका पोहोचवणारा मजकूर दाखवण्यात आला आहे.' मराठी माझंच होतं.

"हे बघून लोकं काय काय बोलली, मॅडम," ती म्हणाली. "मी अंगणवाडीत पोरांना खाऊ घालते. आन मीच पोरांना धोका? वरच्या बाईंनी बोलावून विचारलं, तू काय दाखवलंस? मी सांगितलं, निरा. त्या इकडच्याच, हसल्या म्हणून वाचले. म्हातारा मात्र तवापास्नं मडकं घेऊन अंगणात येत नाय."

मी विचारलं, पलीकडचं ॲप का नाही घेतलं? म्हणाली, "आता घेतलंय. पण तिकडं रमणच्या फोनमधी ते नव्हतं. बोट समुद्रात, त्याला सांगणार कसा?" आणि मग बंद झाल्यानंतरच्या रविवारी काय झालं ते तिने सांगितलं, हळू आवाजात, दाराकडे बघत.

त्या रविवारीही बोटी बंदराला लागल्या होत्या. बायका नेहमीसारख्या डोकं विंचरून आल्या. ॲप उघडेना, रमणचा फोनही लागेना. बाकीच्यांना कळलं, त्या गेल्या. पण कमळीआजी खुर्ची पुसून बसलेली. मागच्या रविवारीही तिचा नंबर यायच्या आधीच बंद पडलं होतं. सविताला तिला उठवेना. तिने फोनचा साधा कॅमेरा सुरू केला आणि म्हणाली, आजी, बोल. आजी बोलली. कोंबडीची किती पिल्लं निघाली ते, गुडघ्याचं, कडंला निजू नको ते. सविता मधूनमधून 'वाचून' दाखवत होती. नाय निजत म्हणतो. बदाम पाठवलं त्यानं. "मीच बोलत होते, मॅडम. तिकडं काही जात नव्हतं." दुपारी, बोटी सुटता सुटता, रमणचा फोन आला. लहानूसकट सगळे फोनभोवती बसून होते, खिडकी उघडली नाही, मग बोटी निघाल्या. आणि त्या फेरीत लहानूची बोट हद्दीपलीकडे गेली म्हणून पलीकडच्या देशाने धरली. बोटीवरचे सगळे तिकडच्या तुरुंगात आहेत. मालकाचा माणूस येऊन आजीसमोरच सांगून गेला होता.

"आजीला त्या रविवारचं सांगू नका," सविता म्हणाली. "लेकानं जायच्या आधी मला पाह्यलं, माझं ऐकलं, असं ती सगळ्यांना सांगते. त्याच्यावर दोन घास खाते."

मी कबुली देऊन मोकळं व्हायला आले होते. आता ती दिली असती तर मोकळी मी झाले असते, आणि आजीच्या ताटातले ते दोन घास गेले असते. सविताला तरी सांगायचं होतं. तेवढ्यात आजीच अंगणात आली.

पडद्यावर दिसायची त्याहून ती खूप लहानखुरी होती. सविताने सांगितलं, या बाई फोनच्या कंपनीतल्या. आजी माझ्यासमोर जमिनीवर बसली. मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ खाली बसले. तिने माझा हात धरला. कितीतरी रविवार मी त्या हाताला खुर्ची पुसताना पाहिलं होतं.

"तू फोनचा काम करतस ना, बाई?" ती म्हणाली. इथेही ओरडूनच. "तुमाला तिकडं सगळा दिसतं म्हणं. मग सांग. त्या रविवारी माझ्या लहानूनं माना पाहिला का?"

सविता दारात उभी होती. तिने मान वळवली.

मी म्हटलं, "हो, आजी. पाहिलं."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग बरा," आजी म्हणाली आणि हात सोडला.

अर्ज मी सविताच्या पायरीवर बसून, तिच्याच फोनवर, एका बोटाने टाइप केला. मी परत निघाले तेव्हा ती मला जीपपर्यंत सोडायला आली. रस्त्यात मी तिला सांगितलं की बंद मीच केलं होतं. ती चालत राहिली. जीपचा थांबा दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "तुम्ही इकडच्याच ना, मॅडम? मग निरा वळखली नाय?" मी म्हटलं, ओळखली होती. जीप आली, मी चढले, तिने हात केला नाही. मला त्याचा राग आला नाही, पण सरावलीला पोचेपर्यंत मी रडत होते.

खातं महिन्याभराने उघडलं. तोवर बायका पलीकडच्या ॲपवर रुळल्या होत्या, आणि आमच्या कंपनीला त्या गेल्याचं कळलंही नाही. मे महिन्यात मी नोकरी सोडली. निशांतने छान निरोप पाठवला. आता दोन मुलींना घरी कॉम्प्युटर टायपिंग शिकवते. त्या समोर बसतात, बोलतात, चुकतात. बरं वाटतं.

श्रावणात सविताचा एकदा फोन आला. म्हणाली, खलाशांच्या सुटकेचा अर्ज आहे, इंग्रजीत लिहायचाय, लिहाल का? तेव्हापासून महिन्यातून एकदा मी पाड्यावर जाते, अर्ज लिहिते, कुठे काय कळलं ते वाचून दाखवते. आजी दर वेळी येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगते की या बाईंनी स्वतः पाहिलंय, लहानूनं मला बघितलं ते. मी मान हलवते.

लहानू अजून सुटलेला नाही. सुटतील म्हणतात, कधी ते कुणी सांगत नाही. तो आला की आजी त्याला पहिल्याच दिवशी विचारणार, आणि तो सांगणार की त्या रविवारी आम्ही अकरापर्यंत बसलो होतो, आई, काही दिसलं नाही. मग आजी माझ्याकडे बघेल, आणि मी खोटं बोलले हे सगळ्या पाड्याला कळेल. त्या दिवसाची मी रोज वाट बघते आहे.